‘उत्तम’ म्हणाले तर

“फोनवर मी रडत असले तर येऊ नकोस. मागे नॉर्ब ओरडताना ऐकू आला तरी येऊ नकोस. पण मी ‘उत्तम’ म्हणाले ना, टेक, तर हातातलं टाक आणि ये. मागच्या गल्लीत गाडी लाव. इंजिन बंद करू नकोस, हॉर्न वाजवू नकोस, वर येऊ नकोस.”

सूपमध्ये मीठ किती घालायचं ते सांगावं अशा सुरात आर्डेलने हे सांगितलं होतं. आज सकाळी, गोठलेल्या तळ्यावर पालथ्या बादलीवर बसून, बर्फातल्या भोकावरची नजर न काढता. आता दुपार झाली होती. टेक्ला मिलवॉकी शहरातल्या आपल्या स्वयंपाकघरात सिंकपाशी उभी होती, नळ बारीक सोडलेला होता, आणि त्या धारेच्या आवाजातून आर्डेलचा आवाज पुन्हा पुन्हा वर येत होता. “उत्तमच का?” असं टेक्लाने विचारलं होतं. तेव्हा आर्डेल हसली होती. “आपल्याकडे कुणाच्या तोंडून ऐकलायस तो शब्द? संसार कसा चाललाय, तर वाईट नाही. पाय मोडला तो कसा आहे, तर बरा म्हणायचा. माझा सासरा मरायला टेकला होता, डॉक्टरने विचारलं कसं वाटतंय, तर म्हणाला, याहून वाईट असू शकलं असतं. नॉर्बला काही कळायचं नाही. त्याला वाटेल, चला, बायको सुधारली.” मग तिने मान वर न करता विचारलं होतं, “येशील?” “येईन.” “तुझ्या मरियामातेची शपथ घेऊन सांग.” “मी शपथा घेत नाही. येईन म्हटलं म्हणजे येईन.” आर्डेलने मान डोलावली, कोटाच्या आतल्या खिशातून डबी काढली, गळाला लावायच्या चिमूटभर पांढऱ्या अळ्या गोठू नयेत म्हणून खालच्या ओठात ठेवल्या आणि तोंड मिटून घेतलं.

नळाखाली तपेल्यात मासे होते. तळहाताएवढे, चपटे, कल्ल्यांपाशी निळी झाक असलेले. तव्यात मावतात म्हणून इथली माणसं त्यांना तव्याचे मासेच म्हणतात. ते लाकडाच्या चकत्यांसारखे कडक होते. बादलीतून काढताना एकमेकांवर आपटून खडखडले होते. शेपट्या जशा वळल्या तशाच गोठलेल्या, डोळ्यांवर साय. टेक्लाने आजवर हे मासे तळले होते, शेकडो तळले असतील, पण साफ एकही केला नव्हता. ते काम आर्डेलचं. दोघी हातमोज्यांच्या कारखान्यात शेजारशेजारच्या मशीनवर अंगठे शिवत. टेक्ला डावे, आर्डेल उजवे. हिवाळ्यातल्या शनिवारी टेक्लाच्या गाडीतून तळ्यावर जात. पकडलेला मासा आर्डेल तसाच बर्फावर फेकी, तो थोडा उडे, मग मंद होई, मग थांबे. टेक्लासाठीच ती तसं करत असे. मासा डोक्यात काठी घालून मारलेला टेक्लाला पाहवत नाही, हे तिला ठाऊक होतं. बादली ती घरी नेई आणि बुधवारच्या आत मेणकागदात गुंडाळलेले स्वच्छ, पांढरे तुकडे टेक्लाच्या मशीनवर आणून ठेवी. टेक्ला शुक्रवारी आणि बुधवारी मांस खात नसे. बुधवारचा नेम चर्चने सांगितलेला नव्हता, तो तिचा तिने धरलेला होता. त्या दोन्ही दिवशी तव्यावर लोणी टाकताना तिला वाटायचं, हे जेवण कुणाच्याही रक्ताशिवाय झालेलं आहे. थंडीने हळूच डोळे मिटवले, एवढंच.

तिने सुरी हातात घेतली, छातीवर क्रूस केला आणि वरचा मासा उचलला. तेव्हा तो हलला.

हलला म्हणजे काय, कल्ला उघडला आणि मिटला. तिला वाटलं पाण्याने उघडला असेल. मग पुन्हा उघडला. मग शेपटीत एक पीळ उमटला आणि तिच्या मुठीत तो सगळाच्या सगळा थरथरला, झोपेतल्या मुलाचा हात अचानक आपलं बोट धरतो तसा. तिच्या हातातून तो निसटला, तपेल्यात पडला, आणि त्याच्या धक्क्याने की गार पाण्याने, खालचाही एक उलटा होऊन सुलटा झाला. तिसऱ्याच्या डोळ्यावरची साय विरघळली आणि डोळा तिच्याकडे बघू लागला. टेक्लाने ओट्याची कड धरली. बाहेर गल्लीत कुणीतरी फावड्याने बर्फ खरवडत होतं. आणि तिला कधीचं एक बोलणं आठवलं. मशीनवर दोरा ओवता ओवता आर्डेल म्हणाली होती, “माझ्या सिंकमध्ये ते उठतात, टेक. तुमच्या त्या कबरीतून उठलेल्या लाजरससारखे.” टेक्लाला तो थट्टेचा सूर वाटला होता. आर्डेल ल्यूथरच्या पंथाची, अशी बोलायचीच. अळ्या पहिल्यांदा तोंडात ठेवताना पाहिल्या तेव्हा टेक्लाने तोंड फिरवलं होतं, तर म्हणाली होती, “तुम्ही रविवारी तोंडात देव ठेवता, मी शनिवारी अळ्या ठेवते. ऊब दोघांनाही लागते.” त्या दिवशी टेक्ला परत येईपर्यंत तिच्याशी बोलली नव्हती. पण हे सिंकचं बोलणं थट्टा नव्हतं. इतके हिवाळे, दर शनिवारी, आर्डेल घरी जाऊन बादली ओतत होती, आणि मासे उठत होते, आणि ती त्यांना मारत होती, किंवा न मारताच खवले काढत होती, आणि मेणकागदात गुंडाळून वर म्हणत होती, घे, तुझे पवित्र मासे.

थंडीने कुणीच मेलं नव्हतं. ते नुसते ताठ झाले होते.

सकाळी आर्डेलही तशीच ताठ झाली होती. त्या तळ्याला कारखान्यातल्या बायका बशी म्हणतात, एवढंसं ते, काठावरून हाक मारली तर पलीकडचा कुत्रा भुंकतो. काठावर नॉर्बचा ट्रक थांबला तेव्हा टेक्ला झाऱ्याने भोकातला बर्फाचा चुरा काढत होती. तो चालत आला, शहरी बुटांनी, पुढचा बर्फ न ठोकता. टेक्लाला तिच्या बापाने शिकवलं होतं, पहारीने दोनदा ठोक, ऐक, मग वजन टाक. घट्ट बर्फ घट्ट बोलतो, पोकळ बर्फ पोकळ बोलतो. नॉर्ब आपल्या वजनाला बर्फाने सांभाळून घ्यावं अशा थाटात आला. “काय सिस्टर,” तो टेक्लाला म्हणाला, “आज देवाला मासे खायची लहर आली वाटतं.” तिला तो नेहमीच सिस्टर म्हणे, लग्न न केलेली, मठातल्या नन्ससारखी नेमधर्म करणारी म्हणून. मग आर्डेलकडे वळून म्हणाला, “माझी काठी कुणाला विचारून आणलीस?” हातभर लांबीची ती गळाची काठी, मूठ त्याने स्वतः तासलेली. तेवढ्यासाठी तो शहरातून एवढ्या लांब गाडी हाकत आला होता. आर्डेलने त्याच्याकडे बघितलं. अळ्या ओठात असल्या की ती बोलत नसे, जिभेखाली सरकतात म्हणून. “विचारतोय मी.” टेक्ला म्हणाली, “तिच्या तोंडात अळ्या आहेत, नॉर्ब.” “मला ठाऊक आहे तिच्या तोंडात काय आहे. मीच शिकवलंय तिला.”

त्याने उजव्या हाताचा मोजा काढला. तो त्यांच्याच कारखान्यातला होता, अंगठा उजवा, म्हणजे आर्डेलनेच शिवलेला. हे टेक्लाला त्या क्षणी दिसलं, टाके दिसले, आणि अजूनही तेच टाके आधी दिसत होते. माशाच्या तोंडातून गळ काढताना जबडा दोन्हीकडून दाबतात तसे त्याने बायकोचे गाल दाबले. “गिळ,” तो म्हणाला. आवाज चढवला नाही. आर्डेलचे डोळे मोठे झाले. हात मात्र मांडीवरच राहिले, बोटं अर्धी मिटलेली. त्याने आणखी दाबलं, तशी तिची मान मागे गेली, बादली सरकली, आणि ती गुडघ्यांवर आली तरी त्याने गाल सोडले नाहीत. ओठ दातांवर फाटला. रक्त हनुवटीवरून बर्फावर पडलं, आणि त्या थेंबाभोवती बर्फ किंचित वितळून पुन्हा गोठला. “गिळ म्हटलं ना. एवढा खाऊ कुणी फेकतं का?” तिच्या गळ्यात काहीतरी वरून खाली गेलं. ते टेक्लाने पाहिलं. “हां. आता सांग, चव कशी आहे?”

टेक्लाच्या हातात तोवर पहार आली होती. कधी उचलली ते तिला कळलं नव्हतं. टोक पुढे, दोन्ही हातांत, ती चालत होती, आणि चालताना तिला आपल्या आत एक पूर्ण चित्र दिसत होतं, कुणी आधीच काढून ठेवल्यासारखं. पहार कुठे लागेल, टोपीच्या कडेखाली, कानाच्या वर. आवाज कसा येईल, घट्ट की पोकळ. आणि मग तो कसा पडेल, भोकाच्या बाजूला, आणि आपण पायाने कसं ढकलू. त्या चित्रात भीती नव्हती, दयाही नव्हती. रोज पहाटे जपमाळ ओढणाऱ्या, उंदीरसुद्धा भावाला बोलावून धरायला लावणाऱ्या बाईच्या आत ते चित्र इतकं सराईत असावं याचंच तिला आता, सिंकपाशी उभं राहून, गार वाटत होतं. “सिस्टर,” नॉर्ब मागे न बघता म्हणाला, “ते खाली ठेव. चुकून स्वतःच्याच पायावर मारशील.” आणि आर्डेलने रक्ताळलेल्या तोंडाने, नॉर्बला उत्तर देत, पण टेक्लाच्या डोळ्यांत बघत म्हटलं, “वाईट नाही.”

वाईट नाही. म्हणजे येऊ नकोस. टेक्ला जागच्या जागी थांबली. नॉर्ब आधी हसला, खरंच हसला, बायकोच्या विनोदावर नवऱ्याने हसावं तसा. मग त्याने मूठ वळली आणि त्याच तोंडावर मारली. एकदा. फावड्याने ओला बर्फ थापल्यासारखा आवाज झाला. त्याने काठी काखेत धरली, बायकोला कोटाच्या टोपीला धरून उठवलं आणि ट्रककडे चालवत नेलं. वाटेत बर्फावर पडलेल्या माशांपैकी एक त्याच्या बुटाखाली आला. त्याने वाकून पाहिलं नाही. टेक्लाने उरलेले गोळा केले, पहार गाडीच्या मागच्या सीटखाली टाकली, आणि घरी येईपर्यंत पूर्ण रस्ताभर तिला फक्त एवढंच समाधान होतं, की आपल्या हातातली पहार कुणाच्या अंगावर उठली नाही. नवस मोडला नाही.

नवस तिने बारा वर्षांची असताना बोलला होता. तिच्या बापाकडे एक आखूड, जड दांडकं होतं, राखाडी लाकडाचं, टोकाला शिसं ओतलेलं, मासे मारायचं. बाप त्याला पाद्री म्हणे. शेवटचा आशीर्वाद तोच देतो, म्हणे, आणि हसे. आणि मासा डोक्यात मारताना एखादा लॅटिन शब्द पुटपुटे. आईला ते आवडत नसे. एके दिवशी ती म्हणाली, मासे नीट धुतलेले नाहीत, वाळू लागते दाताला. एवढंच म्हणाली. बापाच्या हातात पाद्री होताच. तो कानाच्या वर बसला. आई चुलीपाशी जमिनीवर पडली आणि डोळे उघडे ठेवून तशीच राहिली, ताठ, एक पाय पोटाशी ओढलेला. पापणी हलत नव्हती. टेबलाखाली बसून टेक्लाने तिच्याकडे पाहिलं आणि मरियामातेला सांगितलं, हिला उठव, मी कधी कुणाच्या अंगावर काठी उचलणार नाही, कधी नाही, माशावरसुद्धा नाही. आणि आई उठली. तोंड धुतलं, मासे पुन्हा धुतले, तळले. “उठले ना?” टेक्लाकडे न बघता म्हणाली. “मग झालं.” तो चमत्कार होता. टेक्लाचं सगळं आयुष्य त्या चमत्कारावर उभं होतं. पहाटेची जपमाळ, बुधवारचा नेम, लग्नात कुणालाही न दिलेला हात. बाप वारला तेव्हा भावाने त्याची हत्यारं वाटून घेतली. पाद्री मात्र तिने मागून घेतला आणि ओट्याच्या सर्वांत खालच्या खणात, जुन्या पडद्यांच्या कापडाखाली ठेवला, तो पुन्हा कुणाच्या हाती लागू नये म्हणून.

तपेल्यात मासे आता एकमेकांना घासत फिरत होते. पाणी थोडं सांडलं. टेक्ला त्या पाण्याकडे बघत राहिली आणि तिला जिना ऐकू आला. आताचा नव्हे, त्या दिवशीचा. बापाने पाद्री टेबलावर टाकला होता, कोट घेतला होता, दार आपटलं होतं. मग जिन्यावरची त्याची पावलं, मग खालचं फाटक. आणि मग आई उठली होती. नवस संपला तेव्हा नव्हे. नवस तर तिने तीनतीनदा बोलला होता, टेबलाखाली, आणि आई पडूनच होती. फाटक वाजलं, आणि आईची पापणी हलली. इतकी वर्षं टेक्लाने हा आवाज त्या आठवणीतून बाजूला काढून ठेवला होता, वाळूचा खडा ताटाच्या कडेला काढून ठेवावा तसा. आई मेलीच नव्हती. ती थंडीत ताठ झालेल्या माशासारखी वाट बघत होती, बाप जाण्याची. म्हणजे मरियामातेने काहीच उठवलं नव्हतं. मग तिने तो नवस ठेवून घेतला तरी कशाला? टेक्लाला राग आला नाही. तिला वाटलं, लहान मूल आपलं खेळणं एखाद्या मोठ्या बाईच्या हातात देतं, आणि ती बाई ते नाही न म्हणता पदरात ठेवते, मूल परत मागायला येईल तोवर, तसं ते असेल.

एक मासा तपेल्याबाहेर उडाला आणि ओट्यावर आपटत राहिला. कल्ले उघडत, मिटत. त्याला पाणी नको होतं की हवा, त्याचं त्यालाही कळत नव्हतं. एका बाजूची सालटी त्याची बर्फावर निघाली होती, तिथे लाल मांस दिसत होतं. टेक्ला खाली वाकली. खण ओढला, कापड बाजूला केलं. पाद्री तिच्या आठवणीपेक्षा लहान होता आणि जास्त जड. तिने डाव्या हाताने मासा ओट्यावर दाबून धरला, बापाने धरलेला पाहिला होता तसा, आणि मारलं. पहिला फटका हलका बसला. मासा जास्तच तडफडला. तेव्हा तिने दुसरा मारला, खांद्यापासून, आणि हाताखालची सगळी हालचाल एका झटक्यात संपली. आवाज घट्ट होता. ओट्यावर रक्ताची रेघ आली. तिने पुढचा काढला. आणि त्याच्या पुढचा. तोंडातून काही निघत नव्हतं, प्रार्थनाही नाही, लॅटिनही नाही. दर फटक्याला डोळ्यांपुढे टोपीची कड येत होती आणि कानाच्या वरची जागा, आणि तिने ते चित्र हटवलं नाही. हात दुखू लागला. बाही ओली झाली. गालावर एक खवला चिकटला होता. तिने तो काढला नाही.

शेवटचा मासा तिच्या डाव्या हातात होता तेव्हा भिंतीवरचा फोन वाजला. तिने खांदा आणि कान यांच्यात तो धरला. दोन्ही हात भरलेले होते.

“टेक?” आर्डेलचा आवाज जाड झाला होता, कापड कोंबल्यासारखा. मागे रेडिओवर बास्केटबॉलची मॅच चालू होती आणि नॉर्बचा आवाज, जवळच, “विचार तिला, माझी अळ्यांची डबी तिच्याकडे राहिली का.”

“नॉर्ब विचारतोय, डबी तुझ्याकडे आहे का.”

“बघते. असेल गाडीत.”

“मासे पोचले का नीट?”

“पोचले.” टेक्लाने हातातल्या माशाकडे पाहिलं. “उठले, आर्डेल.”

पलीकडे श्वास ऐकू आला, नाकातून नव्हे, तोंडातून घेतलेला. “हो,” आर्डेल म्हणाली. “उठतात ते.”

“तू कशी आहेस?”

“मी ना,” आर्डेल म्हणाली. “उत्त—” आणि अडली. तो शब्द ओठ मिटल्याशिवाय पुरा होत नाही, आणि तिचे ओठ मिटत नव्हते. टेक्लाने फोन कानाशी इतका दाबला की कान दुखला. म्हणाली का? की दुसरंच काही म्हणायचं होतं, उतरलंय म्हणायचं होतं, सूज उतरली म्हणायचं होतं? मागे मॅचमध्ये कुणीतरी ओरडलं. “काय पुटपुटतेस?” नॉर्ब म्हणाला, अगदी जवळून. आणि मग आर्डेलने तो शब्द पुन्हा घेतला. दुखणारा ओठ दुखणाऱ्या ओठावर दाबून, टाका घालून दोरा ओढावा तसा शेवटचं अक्षर ओढून घेत. “उत्तम. उत्तम आहे सगळं.”

“ऐकलंस का,” नॉर्ब म्हणाला, खूश होऊन. फोन ठेवला गेला.

हातातलं टाक आणि ये. टेक्लाने डाव्या हातातला मासा तपेल्यात सोडला. तो एकदा तळाशी गेला, वर आला, आणि रक्ताने गढूळ झालेल्या पाण्यात गोल फिरू लागला. नळ तिने तसाच बारीक ठेवला. उजव्या हातातलं मात्र तिने टाकलं नाही. ते धुतलं, पुसलं, कोट घातला आणि कोटाच्या खिशात ठेवलं. दुसऱ्या खिशात जपमाळ होती, ती नेहमीच असे. गाडी गल्लीत लावायची होती, इंजिन बंद करायचं नव्हतं, हॉर्न वाजवायचा नव्हता. वर जायचं नव्हतं. आर्डेल खाली आली, तर वर जायचं नव्हतं. तिने दिवा मालवला नाही, दार ओढून घेतलं. मागच्या जिन्यावर सकाळपासून वितळलेलं पाणी पुन्हा गोठलं होतं, पायऱ्या काचेसारख्या झाल्या होत्या. टेक्लाने पहिल्या पायरीवर टाचेने दोनदा ठोकलं, ऐकलं, मग वजन टाकलं. मग दुसरीवर. अशी ती खाली उतरत गेली, एकही पायरी न चुकवता, वरच्या मजल्यावरच्या कुणालाही ऐकू जाणार नाही इतक्या हळू.